मांजर कोणत्या रकान्यात? शिरूर-दौंडमधल्या एका आजाराचा इतिहास

आपल्या देशात साधारण दर पाच वर्षांनी पशुगणना होते. पहिली १९१९ साली झाली, विसावी २०१९ साली, आणि एकविसावी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्या यादीत गाय, म्हैस, मिथुन, याक, मेंढी, शेळी, डुक्कर, उंट, घोडा, तट्टू, खेचर, गाढव, कुत्रा, ससा आणि हत्ती असे पंधरा प्राणी आहेत. कोंबड्या-बदकांचा हिशोब वेगळा. म्हणजे शिरूर तालुक्यात हत्ती किती, या प्रश्नाला 'शून्य' असं का होईना, सरकारी उत्तर मिळू शकतं. मांजरं किती, हा प्रश्नच त्या तक्त्यात नाही.

"आमच्या विषयावर साधनंच नाहीत, विषय बदलू का?" असं सिनॉप्सिस लिहायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो. माझं काम पूर्व पुणे जिल्ह्यातल्या जनावरांच्या वैद्यकाच्या इतिहासावर आहे, आणि त्यात 'साधनं नसलेला' प्राणी म्हणजे मांजर. म्हणून आज मुद्दाम तोच घेते, तोही अगदी अरुंद करून. शिरूर किंवा दौंडमधल्या एका घरातल्या मांजराला आतड्याचा कॅन्सर असल्याचं निदान होतं आणि घरची माणसं त्याची शुश्रूषा करतात. एवढी एकच घटना. ती घडण्यासाठी आधी काय काय घडून गेलेलं असावं लागतं?

प्रश्नाचा आकार बघा. 'पूर्वी लोक मांजरांची काळजी कशी घेत?' असं विचारलं असतं तर उत्तर 'घेत होते, आपापल्या परीने' याच्या पुढे सरकलं नसतं. फार तर मांजर मारल्याचं पाप फेडायला काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, ही समजूत नोंदवून आपण थांबलो असतो. निदान ही मात्र तारीख असलेली घटना आहे. तिच्यामागे यंत्रं, माणसं, औषधं, रस्ते आणि पैसे असतात, आणि त्या प्रत्येकाचा कागद कुठे ना कुठे असतो.

आधी आजाराबद्दल थोडं, कारण ते समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मांजराच्या आतड्यात होणाऱ्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. त्याचे ढोबळ दोन प्रकार. एक संथ, लहान पेशींचा. यात गोळ्यांवर मांजर दीड-दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त, बऱ्यापैकी जगू शकतं. दुसरा वेगाने वाढणारा, मोठ्या पेशींचा. यात सलाईनमधून किमोथेरपी देऊनही अनेकदा काही महिनेच हाती लागतात. याशिवाय अॅडिनोकार्सिनोमा असतो, त्यात गाठ कापून काढता येते का, हे बघतात. लक्षणं मात्र फसवी: वजन उतरतं, अधूनमधून उलटी होते, कधी जुलाब, कधी भूक मेलेली तर कधी उलट राक्षसी. पाठीवरून हात फिरवताना कण्याचे मणके बोटांना लागायला लागतात. घरच्यांना वाटतं जंत झाले, नाहीतर चाटून पोटात गेलेल्या केसांचा गोळा असेल. रक्ततपासणीतून हा आजार पक्का सांगता येत नाही. सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड झालेली किंवा शेजारच्या लसिका ग्रंथी सुजलेल्या दिसतात. पण जुनाट दाह आणि संथ लिम्फोमा सोनोग्राफीत जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून शेवटी आतड्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. म्हणजे सोनोग्राफी करणारा, मांजराला भूल देणारा, तुकडा काढणारा आणि तो वाचणारा, इतके लोक साखळीत हवेत. आणि मुख्य म्हणजे 'मांजरासाठी एवढं?' या प्रश्नाला 'हो' म्हणणारं माणूस घरात हवं.

दौंडला माझ्या आत्याकडे हे सगळं घडलं. तिची मनी तेव्हा बारा वर्षांची होती. आधी जंताचं औषध झालं, मग भुकेचं, मग कुणीतरी सांगितलं म्हणून गाडी करून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर पुण्याला नेलं. संथ प्रकार निघाला. घरातलं उदाहरण संशोधनात आणावं की नाही, यावर सेमिनारमध्ये वाद होतात. माझं मत असं की आणावं, पण साक्षीदार म्हणून. साक्षीदाराची उलटतपासणी करायची असते, ती आपल्या आत्याचीही करावी.

आता साखळी उलट्या दिशेने सोडवत जाऊ. आपल्याकडे आधुनिक पशुवैद्यक आलं ते घोड्यासाठी. मांजर तर सोडाच, गायही त्या वेळी दारात नव्हती. लष्कराला घोडा लागत असे, आणि घोडा म्हटलं की शिरूर आलंच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून घोड नदीकाठी इंग्रजांची छावणी होती. १८१७ च्या पुणे करारानुसार पेशव्यांच्या खर्चाने जी घोडदळाची फौज उभी राहिली, तीच पुढे पूना हॉर्स म्हणून ओळखली गेली. १८१७ च्या शेवटच्या दिवशी कॅप्टन स्टाँटनची तुकडी कोरेगावच्या दिशेने निघाली ती शिरूरहूनच, आणि तिच्याबरोबर याच फौजेचे घोडेस्वार होते. शिरूर तालुक्यातल्या आलेगाव पागा या गावाच्या नावात पागा अजून टिकून आहे. पलीकडे दौंड-बारामतीचा मुलूख भीमथडी म्हणून ओळखला जाई, आणि भीमथडीची तट्टं मराठी फौजांत नावाजलेली होती. गंमत म्हणजे भीमथडी घोड्याला देशपातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली ती अगदी अलीकडच्या वर्षांत. (घोड नदीचं नाव घोड्यावरून पडलं असं मात्र मी म्हणणार नाही. गावा-नद्यांच्या नावांवरून व्युत्पत्ती लावण्याचा मोह पहिल्या वर्षी फार होतो, तो आवरा.)

पुण्यात १८६२ साली लष्करासाठी पशुवैद्यकाची शाळा निघाली. पेशवे दफ्तरात बघा किंवा इंग्रजी लष्करी कागदांत, घोड्याचा दाणा, नाल, जखम, किंमत असं सगळं सापडतं. पागेचे कागद आहेत, पीलखान्याचे आहेत. मांजरखाना कुणी बांधला नाही, म्हणून मांजराचा रुमाल नाही. दफ्तरखान्यात दिवसभर बसून धूळ खाल्ल्यावर एवढं तर कळतंच, की ज्या प्राण्यावर खर्च मंजूर करावा लागतो त्याचाच कागद होतो.

मग गुरं आली. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यातच इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. तिच्यासमोरचा मोठा शत्रू होता बुळकांडी, म्हणजे गुरांचा तो साथीचा रोग ज्याने गावंच्या गावं बैलांविना करून टाकली होती. १८९३ साली ही प्रयोगशाळा हिमालयात मुक्तेश्वरला हलली, आणि तिचीच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. मुंबईत परळला १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाच्या जनावरांच्या इस्पितळाच्या आधाराने. ते इस्पितळ सरकारी खजिन्यातून नाही, भूतदयेच्या देणगीतून उभं राहिलं. हा फरक लक्षात ठेवा. सरकारने घोडा आणि बैल बघितला. कुत्र्या-मांजराला शहरात जी जागा मिळाली ती धर्मादायातून.

स्वातंत्र्यानंतर, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि तालुक्या-तालुक्यातल्या जनावरांच्या दवाखान्यांचा मोठा भाग त्यांच्याकडे गेला. गावात आजही म्हणतात 'गुरांचा दवाखाना', आणि ते नाव अचूक आहे. दौंड तालुक्याच्या शेजारी, हवेलीत, उरुळी कांचन येथे मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही संस्था काढली आणि संकरित गाईंसाठी कृत्रिम रेतन थेट गोठ्यापर्यंत नेलं. दुधाचा पैसा वाढला तसा डॉक्टर गोठ्यात वारंवार यायला लागला: रेतन, लाळ्या-खुरकुताची लस, घटसर्प, अडलेली गाय. आणि इथेच, माझ्या मते, ग्रामीण मांजराच्या वैद्यकाची खरी सुरुवात आहे. डॉक्टर म्हशीसाठी आलेला असतो. म्हैस बघून होते, हात धुवायला पाणी दिलं जातं, चहा ठेवला जातो, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "आलाच आहात तर जरा मांजराकडे बघता का?" माझ्या मुलाखतींमध्ये हे वाक्य थोड्याफार फरकाने इतक्या वेळा आलं की मी त्याला वहीत नाव दिलंय: 'आलाच आहात' वैद्यक. याची पावती नसते, केसपेपर नसतो. फी बहुधा चहातच वळती होते.

म्हणून 'साधनं नाहीत' याचा अर्थ 'घडलं नाही' असा घेऊ नका. घडत होतं, पण दुसऱ्याच्या भेटीत.

मांजरं मोजली गेली असा एक प्रसंग मला माहीत आहे, आणि तो महाराष्ट्रातलाच आहे. प्लेगचा काळ. वऱ्हाडात, अमरावतीला सिव्हिल सर्जन असलेले लेफ्टनंट कर्नल ब्युकॅनन यांनी गावोगावच्या घरांत मांजरं किती हे मोजलं आणि १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं की जिथे मांजरं भरपूर तिथे उंदीर कमी आणि प्लेगही कमी. त्यांचा निष्कर्ष आजच्या कसोट्यांवर किती टिकेल हा वेगळा प्रश्न. मला रस आहे तो यात, की मांजर सरकारी डॉक्टरच्या कागदावर चढलं ते रोगी म्हणून नाही, रोग हटवणारं साधन म्हणून. कुत्र्याचं वेगळं. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्यावरून दंगल झाली, दोन वर्षांनी पांजरपोळ उभा राहिला, आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या भीतीने त्यापुढचे कागदही भरपूर झाले. मांजरांनी दंगल घडवली नाही. इतिहासात नाव यायला थोडा उपद्रव करावा लागतो.

आता कॅन्सरकडे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात एका स्थानिक पशुवैद्याच्या लक्षात आलं की एकाच घरातल्या अनेक मांजरांना लिम्फोमा होतोय. विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा माग काढला आणि १९६४ मध्ये नेचरमध्ये त्या विषाणूची पहिली बातमी दिली. तोच फेलाइन ल्युकेमिया विषाणू. पुढे त्याच्या चाचण्या निघाल्या, १९८५ मध्ये अमेरिकेत लस आली, लागण झालेली मांजरं वेगळी ठेवली जाऊ लागली. परिणाम असा झाला की ज्या देशांत हे नेटाने केलं गेलं तिथे लिम्फोमाचं रूपच बदललं. तरुण मांजरांच्या छातीत होणारा, विषाणूमुळे येणारा लिम्फोमा मागे पडला, आणि म्हाताऱ्या मांजरांच्या आतड्यातला पुढे आला. आजार तोच, पण त्याचं वय आणि जागा बदलली.

शिरूर-दौंडसाठी यातून काय घ्यायचं? आतड्याचा लिम्फोमा हा मुख्यतः म्हातारपणीचा आजार आहे. म्हातारपण येण्यासाठी मांजराला आधी जगावं लागतं. मोकळ्या फिरणाऱ्या मांजराला आपल्याकडे पुणे-सोलापूर हायवे आहे, पुणे-नगर रस्ता आहे, भटकी कुत्री आहेत, उसातला बिबट्या आहे, आणि उंदरांसाठी टाकलेलं विष आहे. आत्याच्या आईकडे, म्हणजे माझ्या आजीकडे, मांजरं कायम असत, पण ठरावीक एक मांजर असं नसे. एक गेलं की त्याचं पिल्लू ती जागा घेई, नावही तेच चाले. आजीच्या घरी चाळीस वर्षं 'मनी' होती, पण ती एक मनी नव्हती. आत्याची मनी फ्लॅटमध्ये, जाळी लावलेल्या बाल्कनीत, नसबंदी झालेली, बारा वर्षांची. कॅन्सर होण्याइतकं आयुष्य तिला मिळालं याचंच श्रेय पन्नास वर्षांतल्या घरांच्या, कामाच्या आणि कुटुंबाच्या बदलांना द्यावं लागेल. आजीच्या मांजरांना कॅन्सर होत नव्हता असं नाही. होतही असेल. मांजर चार दिवस दिसलं नाही की 'गेलं कुठेतरी' एवढंच म्हटलं जाई, आणि निदानाची जागा त्या वाक्याने घेतलेली असे.

माणसांच्या बाबतीतही हे फार जुनं नाही. मुंबईत टाटा मेमोरियल १९४१ मध्ये सुरू झालं, पण ग्रामीण भारतातली कॅन्सरची पहिली लोकसंख्याधारित नोंदणी सुरू झाली ती १९८७ मध्ये, दौंडहून सोलापूरकडे जाताना लागणाऱ्या कुर्डुवाडीच्या पुढे, बार्शीला. तिथल्या कार्यकर्त्यांना इस्पितळात बसून चालणार नव्हतं, कारण रोगी इस्पितळापर्यंत पोचतच नव्हते. गावोगाव जाऊन, लोकांशी बोलून, लक्षणं समजावून माणसं शोधावी लागली. खेड्यात कॅन्सर कमी असतो असं तोवर कुणी म्हणालं असेल तर तो आकडा खेड्याचा नव्हता, तो इस्पितळाच्या दाराचा होता. मांजरांसाठी बार्शी नाही. म्हणून 'गावाकडच्या मांजरांना असले आजार होत नाहीत' हे वाक्य मुलाखतीत आलं तर ते खरं म्हणून नव्हे, साधन म्हणून लिहून घ्या.

आता औषधं, आणि इथे मला खरं तर सगळ्यात जास्त रस आहे. संथ लिम्फोमासाठी सहसा दोन गोळ्या देतात: प्रेडनिसोलोन आणि क्लोरॅम्ब्युसिल. दोन्ही मूळची माणसांची औषधं. क्लोरॅम्ब्युसिलचं घराणं शोधत मागे गेलं तर आपण पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड गॅसपाशी पोचतो. त्या वायूने मेलेल्या सैनिकांच्या अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी नष्ट झालेल्या दिसल्या होत्या. १९४२ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात त्याच कुळातलं नायट्रोजन मस्टर्ड लिम्फोमाच्या रोग्याला देऊन पाहिलं गेलं, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये त्याचं सौम्य भावंड, क्लोरॅम्ब्युसिल, तयार झालं. वेगवान प्रकारात जे व्हिन्क्रिस्टिन शिरेतून देतात ते तर आपल्या दारात उभं असतं. सदाफुली! याच झाडातलं व्हिनब्लास्टिन १९५८ मध्ये कॅनडातल्या रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी वेगळं केलं, आणि व्हिन्क्रिस्टिन १९६० च्या दशकात वापरात आलं. (कुणी सदाफुलीचा काढा करून मांजराला पाजू नका. झाड विषारी आहे. औषध म्हणजे त्यातला मोजून काढलेला एक कण.)

तर, माणसाची गोळी. क्लोरॅम्ब्युसिलची गोळी दोन मिलिग्रॅमची येते, मनी साडेतीन किलोची. वरचं आवरण फोडायचं नाही, कारण पूड हाताला किंवा श्वासात जाणं घरच्यांसाठी धोक्याचं असतं. गोळी मोडता येत नाही, म्हणून दिवस मोडायचे: रोज अर्धी देण्याऐवजी दोन-तीन दिवसांनी एक आख्खी. हातमोजे घालून द्यायची, घरात गरोदर बाई असेल तर तिने हातही लावायचा नाही, तिच्या शी-शूची मातीही हातमोज्यांनीच उचलायची. गोळ्यांची बाटली फ्रिजमध्ये, घट्ट झाकणाच्या डब्यात. काही आठवड्यांनी रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी फार उतरल्या तर गोळी थांबवायची. शिवाय आतडं जीवनसत्त्व बी-बारा शोषत नाही, म्हणून सुरुवातीला आठवड्याला त्याचं इंजेक्शन. अंगातलं पाणी कमी झालं की मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलून तिच्याखाली सलाईन. आत्या हे सगळं शिकली. तिच्या मेडिकलवाल्याला आधी पटेना की ही चिठ्ठी मांजराची आहे. आणि एक गोष्ट त्याने बजावून सांगितली ती इथेही सांगते: ताप-दुखण्याची आपली नेहमीची पॅरासिटामॉल मांजराला कधीही द्यायची नाही. मांजराचं यकृत ती पचवू शकत नाही, एका गोळीने जीव जातो.

आता 'साधनं नाहीत'वाल्यांनी इकडे लक्ष द्या. आत्याच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय असतं, तुमच्याकडेही असेल. त्याच्या चौकटींमध्ये दुधाचा हिशोब लिहितात: लिटर, पाव, खाडा. मनीच्या आजारपणाचं वर्ष मी त्या कॅलेंडरवरून वाचलं. दर तिसऱ्या दिवसाच्या कोपऱ्यात निळ्या पेनाने छोटा गोल, तो गोळीचा. बुधवारी 'इं.' म्हणजे इंजेक्शन. महिन्याच्या एक तारखेला वजन, किलोत, दोन दशांशांपर्यंत. आधी ३.४०, मग ३.५५, एकदा ३.७०, आणि पुढे उतरत गेलेलं. पण माझ्या कामाची खरी नोंद वेगळीच निघाली. आत्याला निदानाची तारीख आठवेना. ती म्हणाली फेब्रुवारी, काका म्हणाले मार्च. फाइल पुण्याच्या डॉक्टरकडे. मग मी दुधाचा हिशोब बघितला. फेब्रुवारीच्या नऊ तारखेपर्यंत रोज सव्वा लिटर, दहापासून एक लिटर. डॉक्टरांनी मनीचं दूध बंद केलं होतं, कारण मोठ्या मांजरांना दूध तसंही नीट पचत नाही आणि आजारी आतड्याला तर नाहीच. पाव लिटर कमी झालं त्या दिवशी घरात निदान पोचलं. नंतर पुण्याहून फाइल मागवली, त्यावर नऊ फेब्रुवारी होती.

माणूस विसरतो पण दुधाचा हिशोब विसरत नाही, कारण महिन्याच्या शेवटी त्याचे पैसे द्यायचे असतात. ज्यावर खर्च होतो त्याचा कागद होतो हे वर म्हटलंय, ते पागेला लागू आहे तसंच मांजरालाही. फक्त हा खर्च सरकारी खजिन्यात नाही, किचनमध्ये शोधावा लागतो.

शेवटच्या दिवसांबद्दल लिहायला जड जातं, पण शुश्रूषेच्या इतिहासात ते टाळता येत नाही. कॅन्सर पुन्हा उसळला, मनी खाईना, पाणी पोटात ठरेना. इंजेक्शन देऊन शांत करावं का, यावर घरात आठवडाभर वाद चालला. काकांचं म्हणणं, आपल्यात असं करत नाहीत. कायद्याचं म्हणाल तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, बरं होण्यापलीकडे गेलेल्या प्राण्याचं दुःख संपवण्याला वाव आहे. पण घरातला वाद कायद्याचा नव्हताच. हाच वाद १९२८ साली साबरमतीला गांधीजींच्या आश्रमात झाला होता. एक वासरू असह्य यातनेत होतं, गांधीजींनी डॉक्टरकडून इंजेक्शन देववून त्याला मुक्त केलं, ही अहिंसाच आहे असं लिहिलं, आणि त्यांच्यावर संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. तेच गांधीजी मार्च १९४६ मध्ये उरुळी कांचनला आले, निसर्गोपचार आश्रम सुरू झाला, आणि तिथे त्यांनी मागे ठेवलेला तरुण सहकारी म्हणजे मणिभाई देसाई, पुढे बाएफ काढणारे. वासराला इंजेक्शन देववणाऱ्या माणसापासून गोठ्यातल्या रेतनापर्यंतची ही रेषा कारणांची साखळी आहे असं मी प्रबंधात लिहिणार नाही, परीक्षक फाडून खातील. पण आत्याने मला मुलाखत देताना वासराची गोष्ट स्वतःहून काढली होती, शाळेत ऐकलेली म्हणून. लोक निर्णय घेताना कोणत्या गोष्टी हाताशी घेतात, हा पुरावा आहे, आणि तो मी वापरणार आहे.

मनी निदानानंतर चौदा महिने जगली. शेवटी जे डॉक्टर आले ते पुण्याचे नव्हते. तालुक्यातलेच, बिल्डिंगच्या मागच्या वस्तीवर एका म्हशीला बघायला आलेले. काकांनीच खाली जाऊन त्यांना वर बोलावलं. कॅलेंडरवर त्या दिवशीच्या चौकटीत दूध एक लिटर लिहिलंय, गोल नाही, पुढच्या तिसऱ्या दिवशीही नाही.

तुम्ही असं काही करायला निघालात तर पुढच्या वाटा मोकळ्या आहेत. जिल्हा परिषदेचे वार्षिक प्रशासन अहवाल बघा, तक्त्यांच्या शेवटी 'इतर' नावाचा रकाना असेल तर आधी तिथे जा. मेडिकल दुकानांत माणसांच्या औषधांच्या चिठ्ठ्यांवर कुठे कुठे 'मनी', 'बोका', 'चिकू' अशी नावं रोग्याच्या जागी लिहिलेली सापडतात. निवृत्त पशुधन पर्यवेक्षकांना गाईंबद्दल विचारून झालं की चहा येईपर्यंत थांबा, आणि मग मांजरांचं विचारा. आणि जुनी कॅलेंडरं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रद्दीत जातात, म्हणून नातेवाइकांकडे फेरी मारायची ती डिसेंबरातच.